चौकीबाहेरचं बाकडं

नारायण पेठ, पुणे
२२ सप्टेंबर २०२५

चि. पियुष,

आशीर्वाद लिहायची माझी सवय आहे म्हणून लिहिते. घ्यायचे की नाही ते तुझं तू ठरव.

परवा शनिवारी शेफाली येऊन गेली. सहावा महिना लागलाय आणि तुझी बायको वाकडहून रिक्षानं एकटी आली, दोन जिने चढली आणि वर आल्यावर पाचएक मिनिटं नुसती दम खात बसली. मी म्हटलं, फोन करायचास. तर म्हणाली, फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. फोनवर बोलण्यासारखं आपल्या घरात काही उरलेलंच नाही, हे लग्नाला चार वर्षं झाल्यावर तिला कळायला हरकत नव्हती. माझा आवाज ऐकला की तुला दरदरून घाम फुटतो, मी खरंच बोलतेय की तुझ्या डोक्यात बोलतेय ते तुला कळत नाही, म्हणून तू माझा फोन घेत नाहीस. हे मला गेल्या वर्षी समजलं, तेही तिच्याकडून. त्याआधी तीन वर्षं मी समजत होते की मुलगा उद्धट झालाय. तेच बरं होतं.

आता तुम्ही नव्या डॉक्टरीणबाई गाठल्यात. त्या म्हणतात, आईचा आवाज सोसत नसेल तर आईला लिहायला सांगा. लिहिण्याचं मला वावडं नाही. छत्तीस वर्षं शनिवार पेठेतल्या छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्यातली काही माणसं तर स्वतःला विद्वान समजत होती.

तर बाईंचा प्रश्न एकच आहे, असं शेफाली म्हणाली. ११ जुलै २०१३, गुरुवार, तुझ्या रतनमामाच्या चौकीत तू आतल्या खोलीत असताना मी बाहेरच्या बाकड्यावर बसले होते का? तू म्हणतोस, तू माझा आवाज ऐकलास. मी नव्हते, तर तुला तेव्हापासून भास होतात, आणि अकरा वर्षं घेतोस त्या गोळ्या पुढेही घ्यायच्या. मी होते, तर तू ऐकलंस ते खरं होतं आणि तुझ्या आजाराचा विचार पहिल्यापासून करायचा. हो की नाही, एवढंच हवंय.

नाही. मी नव्हते. तुला सकाळी तिथं सोडलं आणि घरी आले. तुझ्या डब्याच्या पोळ्या करायच्या होत्या.

आणि त्या बाईंना हेही सांग, की तुला दम द्यायला नेलं होतं, दुसरं काही करायला नाही. पुण्यातल्या निम्म्या घरांनी आपल्या पोरांना ओळखीच्या हवालदाराकडून कधी ना कधी दम दिलेला आहे. ती पोरं आज नोकऱ्या करतात, मोठ्यानं बोलतात, आईचा फोन घेतात. त्यांच्या बायका सहाव्या महिन्यात सासूची साक्ष काढत रिक्षानं फिरत नाहीत.

शेफालीबरोबर मेथीचे लाडू दिलेत. चोरीचे नाहीत. हे मी गमतीनं लिहिलं, लगेच मनाला लावून घेऊ नकोस.

आई


नारायण पेठ
६ ऑक्टोबर २०२५

चि. पियुष,

तुझी चिठ्ठी पोचली. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. शाळेत असताना तुझं अक्षर इतकं वळणदार होतं की छापखान्यातले लोक तुझी वही बघायला मागायचे. आता प्रत्येक काना थरथरलेला आहे. गोळ्यांनी हात कापतो, माहीत आहे मला.

चिठ्ठीत ओळ एकच. "चहात साखर घालू नका, असं कोण म्हणालं?"

पियुष, या शहरात बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या बायका पोत्यानं सापडतील. चौकीत दिवसाला पन्नास माणसं येतात. त्यातली कुणी म्हणाली असेल.

तुझ्या बायकोला तू काय काय सांगितलंस कोण जाणे, म्हणून झालं ते क्रमानं लिहिते. तिलाही वाचायला दे.

त्या वर्षी मे महिन्यात मला तुळजापूरला जायचं होतं. तू मित्राकडे राहणार होतास, घर बंद राहणार होतं. त्याच आठवड्यात वर्षाचे गहू आले. कडुनिंबाचा पाला घालून मी कोठी भरत होते. अर्धी भरल्यावर माझ्या आईच्या पाटल्या फडक्यात गुंडाळून गव्हात ठेवल्या आणि वरून उरलेले गहू ओतले. माझी आई असंच करायची, तिची आईही असंच करायची. कपाट फोडणारा चोर गव्हाची कोठी उपसत बसत नाही, एवढा साधा हिशोब. तुळजापूरहून आल्यावर मी त्या पाटल्या काढून कपाटात ठेवल्या, हे मला स्वच्छ आठवत होतं. वरचा खण, डावी बाजू. किल्ली फिरवल्याचं सुद्धा आठवत होतं.

जुलैत बघते तर खण रिकामा. घरात माणसं दोन, तू आणि मी. तुझे वडील जाऊन चार वर्षं झाली होती. तू एकोणीस वर्षांचा. कॉलेजला दांड्या मारत होतास, परीक्षेला बसलो म्हणून सांगून नदीपात्रात मित्रांच्या गाड्यांवर बसला होतास, माझ्याशी रोज खोटं बोलत होतास. मी चार दिवस विचारलं. चौथ्या दिवशी तू हसलास. म्हणालास, आई, तूच कुठेतरी ठेवल्या असशील. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी रतनला फोन केला. माझा सख्खा भाऊ, नऊ वर्षांनी धाकटा, माझ्या कडेवर वाढलेला, आणि पोलिसात हवालदार. मी म्हटलं, जरा दम दे त्याला. तो म्हणाला, आण की.

तुला गुरुवारी नेलं, शनिवारी संध्याकाळी सोडलं. नोंद कुठेच झाली नाही. आलास तेव्हा तुझा पाय जमिनीला टेकत नव्हता. मी शेजारच्या वेणूबाईंना सांगितलं, क्रिकेट खेळताना मुरगळला. दोन्ही पाय एकदम कसे मुरगळले, असं त्यांनी विचारलं नाही. सभ्य बाई.

तू कबूल केलं होतंस. सोनाराचं नावही सांगितलं होतंस. सोनाराकडे काही निघालं नाही हा भाग निराळा.

फेब्रुवारीत कोठी निम्म्यावर आली आणि गहू काढताना फडकं हाताला लागलं. मी लपवलं नाही. हे लक्षात ठेव. तू भिंतीला पाठ लावून बसला होतास, हल्ली बसतोस तसाच. तुझ्यासमोर पाटल्या धरल्या आणि म्हटलं, पियुष, माझं चुकलं. हे शब्द मी आयुष्यात फार जणांना म्हटलेले नाहीत. तू पाटल्यांकडे पाहिलंस आणि अगदी शांतपणे म्हणालास, "मग मीच परत आणून ठेवल्या असतील."

मला वाटलं टोमणा मारतोयस. माझाच मुलगा, टोमणा मारणारच. पण तू ते मनापासून म्हणाला होतास. तू मला खुलासाही केलास, की सोनाराकडून सोडवून आणल्या असतील, ते आता नीट आठवत नाही. कोठीत अर्ध्यावर कशा ठेवल्या असतील तेही सांगितलंस. मला त्या दिवशी तुझी भीती वाटली.

शेफाली सांगत होती, अजून हेच चालतं. सोसायटीत कुणाचं हेल्मेट हरवलं तरी तू जाऊन सांगतोस, मी नेलं असेल, घरात बघतो. ऑफिसात कुणाचं काम चुकलं तर तुझंच चुकलं. ती म्हणाली, "आई, तो दिवसभर सगळ्यांना सॉरी म्हणत फिरतो. आणि खरंच शोधतो हो घरात, कपाटं उघडून." हे सांगताना रडली ती. मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार.

किल्ली फिरवल्याचं मला आठवत होतं आणि ते साफ खोटं निघालं. पण मला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. म्हातारीची जरा गफलत झाली, म्हणाले. तेव्हा मी म्हातारीही नव्हते.

आणि तुला नक्कीच हवं असेल तर लिहिते, चौकीतून निघताना बाकड्यावर दहा मिनिटं टेकले असेन. रिक्षा मिळत नव्हती. दहा मिनिटांत माणसाला काय ऐकू येणार.

आई


नारायण पेठ
२४ ऑक्टोबर २०२५

चि. पियुष,

काल भाऊबीज झाली. खडकीला रतनकडे गेले होते. दर वर्षी जाते, तुला आवडत नाही तरी जाते. तुझे वडील गेल्यावर माझ्या दारात गहू उतरवायला, दवाखान्यात न्यायला, घराचे कागद करायला तोच आला. तुला आठवत नसेल असं नाही. त्या २०१३ च्या दिवाळीत मी तुलाही नेलं होतं. तू मामाच्या पाया पडलास. वाकताना भिंत धरावी लागली, कारण टाच अजून नीट टेकत नव्हती. रतननं तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि तुझी चड्डी ओली झाली. एकोणीस वर्षांचा मुलगा. मामीनं फरशी पुसली. फराळ झाला, आपण घरी आलो. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही.

काल मी रतनला सांगितलं की पियुषच्या डॉक्टरांना माझ्याकडून लेखी हवंय. तो ताटावर होता. हात धुवायला उठला आणि परत येऊन बसलाच नाही, उभ्यानंच बोलला. तो आता सहायक फौजदार आहे, ३० नोव्हेंबरला निवृत्त होतोय. निरोपाचा हार आत्तापासून ठरलाय.

"ताई, तोंडानं काय वाटेल ते बोल," तो म्हणाला. "कागदावर काही देऊ नकोस."

मी म्हटलं, पोराला वेड लागलंय की नाही एवढंच त्यांना ठरवायचंय. तर म्हणाला, ते ठरलंय अकरा वर्षांपूर्वी. मी म्हटलं, ते माझ्या शब्दावर ठरलंय. त्यावर तो आणखी एक वाक्य बोलला. ते इथे लिहीत नाही.

एक सांगू? मला त्याचा राग आला नाही. त्याला झोप लागते, त्याला भूक लागते, नातवंडं त्याच्या अंगाखांद्यावर खेळतात. असे किती जण त्याच्या आतल्या खोलीतून गेले असतील, त्याला तोंडं आठवत नाहीत. तुझं तोंड आठवतं ते केवळ भाचा म्हणून. त्यानं तुझ्या डोक्यातली कुठली तरी दोरी तोडली आणि स्वतः डुलकी काढायला गेला. हे सगळं मला दिसतं, तरी राग येत नाही, आणि याची मला लाज वाटते.

आता त्या पहिल्या डॉक्टरांचं. तुला मी मार्चमध्ये नेलं, पाटल्या सापडल्यावर महिन्यानं. तू कॉलेज सोडलं होतंस, अंघोळ सोडली होतीस, रात्रंदिवस दिवा चालू ठेवायचास. डॉक्टरांनी तुला बाहेर बसवून मला विचारलं, आवाज वगैरे ऐकू येतात का त्याला? मी म्हटलं, हो. तो म्हणतो, मी चौकीत असताना आई बाहेर बोलत होती, पण मी तर घरी होते. त्यांनी ते लिहून घेतलं. मारहाणीबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाय मुरगळला होता, म्हटलं. त्यांनी गोळ्या दिल्या. त्यांचा काय दोष, त्यांना आईनं सांगितलं होतं.

तू बाहेर आलास तेव्हा मी तुला म्हटलं, बाळा, तो भास होता, डॉक्टरसुद्धा तेच म्हणतात. तू मान हलवलीस. त्यानंतर तुला खरंच माझा आवाज ऐकू यायला लागला, मी कामावर असताना, नळाच्या पाण्यात, पंख्यात. आधी नव्हता येत, हे मला माहीत आहे. मी बघत होते तुला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दोनदा दिलेलं आहे. बाकड्यावर टेकले होते. चहा घेतला असेल. कुणी चहा दिला तर नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही.

आई


नारायण पेठ
३ नोव्हेंबर २०२५

पियुष,

शेफालीचा फोन आला. सकाळी, ऑफिसला जाताना. तिचा आवाज असा होता की मी आधी विचारलं, बाळ ठीक आहे ना. म्हणाली, बाळ ठीक आहे, तुमचा मुलगा नाही.

तू म्हणे भाड्याची खोली बघतोयस. बाळंतपण झालं की तू वेगळा राहणार. तू तिला सांगितलंस की काय खरं ऐकलं आणि काय नाही हे ज्याला कळत नाही, त्यानं तान्ह्या मुलाजवळ राहू नये. म्हणालास, उद्या बाळ रडलं, तर ते रडतंय की माझ्या डोक्यात रडतंय, मला कळणार नाही. नसताना उचलायला जाईन आणि असताना पडून राहीन. एखाद्या दिवशी काही झालं तर मीच केलं म्हणेन आणि मलाही ते खरं वाटेल.

हे सगळं तू तिला जेवताना सांगितलंस, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

मला तुझा संताप आला. मी तुला लांबलचक पत्र लिहिलं. बापानं पळ काढायचा नसतो, तुझे वडील शेवटच्या महिन्यातसुद्धा तुझा गृहपाठ घ्यायचे, शेफालीनं तुझ्यासाठी माहेर सोडलं, असलं काय काय लिहिलं. नोकरीच्या सवयीप्रमाणे पुन्हा वाचायला घेतलं. सगळं शुद्ध होतं, एक चूक नव्हती. आणि त्या चार पानांत खरं असं एकही वाक्य नव्हतं. फाडून टाकलं.

खोलीची अनामत देऊ नकोस. आठवडाभर थांब. मी लिहिते.

आई


नारायण पेठ, पुणे ३०
९ नोव्हेंबर २०२५

पियुष,

हे पत्र डॉक्टरीणबाईंना दाखवायचं आहे, म्हणून तारीखवार लिहिते. मी शुद्धीत आहे, साखर काबूत आहे, कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही.

११ जुलै २०१३ रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी माझा मुलगा पियुष याला माझा भाऊ रतन याच्या चौकीत नेलं. तू तिथं नमस्कार केलास मामाला. तुला वाटलं होतं, बोलणी खाऊन परत येऊ. मी रतनला बाजूला घेऊन म्हटलं, "हा साधेपणानं सांगणार नाही. लवकर सोडू नकोस." भाऊबीजेला रतन बोलला ते वाक्य हेच. तो म्हणाला, ताई, लवकर सोडू नकोस असं कोण म्हणालं होतं? मी म्हणाले होते.

मग मी घरी आले. पोळ्या केल्या, वांग्याची भाजी केली. तुला आवडते म्हणून केली. दीड वाजता डबा घेऊन परत गेले. रतन दारात आला, डबा घेतला आणि म्हणाला, बस थोडा वेळ, होईल. मी बाहेरच्या बाकड्यावर बसले. दहा मिनिटं नाही. दीडपासून चारपर्यंत.

बाकड्यामागच्या भिंतीपलीकडेच आतली खोली होती, भिंतीत वर झरोका होता, तो उघडा होता. आधी नुसती बोलणी ऐकू आली. मग पट्ट्याचा आवाज. पहिल्या फटक्याला मी दचकले. नंतर नाही दचकले. तो आवाज कसला आहे हे मला कळलं होतं. मला कळलं नाही असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आले, पण ज्या बाईला स्वयंपाकघरातून मांजर कुठल्या भांड्याला लागलं ते कळतं, तिला ते न कळायला काय झालं.

एक वयस्कर शिपाई चहा घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चमच्यानं साखर घालत होते. मी म्हटलं, "चहात साखर घालू नका." मोठ्यानं म्हणाले, कारण आत तू ओरडत होतास आणि त्यांना ऐकू गेलं नसतं. तो आवाज माझा होता. तू तो ऐकलास, शब्दन् शब्द बरोबर ऐकलास. त्यानंतर तू हाक मारलीस. "आई." तुला कळलं होतं की मी बाहेर आहे, म्हणूनच मारलीस. तीनदा मारलीस.

पहिल्या हाकेला मी उठले. पेलाही खाली ठेवला. दार चार पावलांवर होतं, कडी नव्हती लावलेली. मी परत बसले.

का बसले, हे तुला वाटेल भीतीनं. भीतीनं नाही. रतनची चारचौघांत शोभा होईल हे एक मनात आलं. पण खरं कारण ते नाही. मला वाटलं, आता सांगेल. आता उठले तर इतका वेळ फुकट जाईल. माझ्या मनात हेच वाक्य होतं आणि मी ते चहाबरोबर गिळलं. दुसऱ्या हाकेला, तिसऱ्या हाकेला मी हललेही नाही. चौथी तू मारली नाहीस.

चारला रतन घाम पुसत बाहेर आला. म्हणाला, कबूल केलं, सोनाराचं नावही सांगितलं. आणि मी म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हते?" मला बरं वाटलं होतं, पियुष. माझा संशय खरा ठरला म्हणून त्या क्षणी मला बरं वाटलं. तेही तुला आत ऐकू आलं असेल. आलं असेल तर तेही खरं आहे.

सोनाराकडे काही निघेना म्हणून तुला शनिवारपर्यंत ठेवलं. तेव्हा तुला झोपू देत नव्हते, हे मला रतननं सांगितलं होतं. मी शुक्रवारीही डबा नेऊन दिला आणि शनिवारीही. बाकड्यावर मात्र बसले नाही. दारातूनच परत फिरले. म्हणजे बसू नये इतकी अक्कल मला तेव्हाही होती.

पहिल्या डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. चुकून नाही, विसरून नाही. आपला मुलगा वेडा आहे हे मला चाललं असतं, पण आपण कोण आहोत हे कुणाला कळलेलं चाललं नसतं. म्हणून तुला भास होतात असं ठरवलं आणि तुझ्याकडूनही वदवून घेतलं. रतननं तुझ्याकडून एक खोटी कबुली घेतली. दुसरी मी घेतली, न मारता. यातलं तुला कुठलं जास्त लागलं ते तुझ्या बाईंना ठरवता येत असेल तर ठरवू देत.

पाटल्या तू घेतल्या नव्हत्यास. परतही ठेवल्या नव्हत्यास. तू त्यांना हातही लावला नव्हतास.

हे पत्र बाईंकडे दे, त्याची प्रत काढून मूळ शेफालीकडे ठेव. तुम्हाला पुढे कुठे द्यायचं असेल तर द्या. कुणी बोलावलं तर मी येईन आणि हेच सांगेन. रतनला मी काल खडकीला जाऊन सांगून आले. तो म्हणाला, मग आजपासून तुला भाऊ नाही. मी म्हटलं, बरं. मामी दारापर्यंत आली आणि माझा हात दाबून गेली. येताना रिक्षात मला फार एकटं वाटलं, ते तुला सांगायचा मला हक्क नाही तरी सांगते.

गोळ्या आपल्या मनानं सोडू नकोस. बाईंना विचारून काय ते कर. इतकी वर्षं घेतल्यात, एकदम थांबवून चालायचं नाही.

माफी मागत नाही. तुझी सवय मला माहीत आहे, मागितली तर तू देऊन टाकशील आणि वर तुझंच काही चुकलं असेल म्हणशील. फोन करू नकोस, चिठ्ठीही नको.

फक्त ती खोली घेऊ नकोस. तुझे कान तेव्हाही चांगले होते. बाळ रडलं, तर ते खरंच रडत असेल. ऊठ आणि त्याला घे. मी उठले होते आणि परत बसले.

प्रेमला